झीलकरी चमचा

माणसाच्या हाताला स्वतःचं तोंड सापडायला दीड-दोन वर्षं लागतात. वासराला जन्मल्यावर लगेच आचळ सापडतं. माणसाच्या लेकराचा चमचा मात्र आधी नाकावर जातो, मग गालावर, मग खांद्यावरून मागे. कारण साधं आहे. लहान मूल कुठलीही वस्तू मुठीत धरतं. चमचा आडवा राहतो, मनगट वळत नाही, आणि तोंडापाशी येईपर्यंत त्यातलं सगळं सांडून गेलेलं असतं. पुढे मनगट वळायला लागतं, अंगठा बोटांच्या समोर येतो, आणि एके दिवशी घास जागेवर पोचतो. मधल्या काळात जमीन, भिंत आणि आजीची साडी अशी सगळी पंगत जेवून उठते.

हा मधला काळ काढून टाकायचा, असं कुडाळच्या ‘बालमूठ’ कारखान्यानं ठरवलं.

या कारखान्यात पूर्वी लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी होत. खेळणी मुलांच्या तोंडात जाणारच हे धरून चालत, म्हणून तिथल्या रंगात विषारी काही नसे आणि कुठल्याही कडेला धार नसे. तीच शिस्त पुढे बाळांच्या वाट्या-चमच्यांत आली. मल्हार राऊळ तिथे आराखडे करायचा. त्यानं केलेल्या चमच्याचं नाव ‘चिमणी’.

चिमणीची मूठ वेलची केळ्याएवढी जाड आणि तितकीच मऊ. पुढची वाटी उथळ, म्हणजे मुलाला गिळवेल तेवढाच घास तिच्यात मावावा. मानेभोवती एक रुंद कडं, म्हणजे चमचा घशापर्यंत जाऊच नये. इथपर्यंतची अक्कल जुनीच होती. नवं होतं ते मुठीच्या आत. तिथे केसाहून बारीक अशा कृत्रिम स्नायूंच्या दोऱ्या होत्या. किंचित वीज सोडली की त्या आखडतात, वीज बंद केली की सैलावतात. त्यामुळे मूठ मुलाच्या तळव्याप्रमाणे फुगायची, हात थरथरला की घट्ट व्हायची, वाटी तिरकी झाली की मान वळवून तिला सरळ करायची. चमचा हाताचं वजन उचलत नसे. तो फक्त तोंडाच्या दिशेनं वळे, आणि सैल हात त्याच्यामागे जाई.

कधी, किती वळायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यानं घराघरांतून उचललं. सिंधुदुर्ग आणि कोल्हापुरातल्या काही शे घरांत चमचे दिले गेले. जेवणाच्या वेळी कुणाच्या घरात कॅमेरा लावायचा नाही, असं मल्हारनंच ठरवलं होतं. मूठच काय ते टिपणार होती: बोटांचा दाब, मनगटाचा कल, ओठांचा स्पर्श. घास तोंडात रिकामा झाला की ती हालचाल यशस्वी. सांडला किंवा परत आला की फसलेली. चमच्यानं यशस्वी हालचाली ध्यानात ठेवायच्या. घरच्यांना एकच अट होती. मुलाला स्वतः जेवू द्यायचं, भरवायचं नाही.

सगळ्यांनी मान डोलावली होती.

चिमणी बाजारात आली आणि वर्षभरात पुण्या-मुंबईच्या घरांतून भिंतींवरचे वरणाचे डाग नाहीसे झाले. दीड वर्षाची मुलं पाहुण्यासारखी नीट बसून जेवू लागली. पाळणाघरांकडून तर मागणी आवरेना. त्यांच्यासाठी जास्त ताकदीच्या दोऱ्यांची, एका बाईच्या नजरेखाली वीस मुलांना जेवू घालणारी जोडआवृत्ती दिवाळीनंतर यायची होती.

मल्हारच्या दृष्टीनं या सगळ्यात एकच मूल महत्त्वाचं होतं, त्याच्या बहिणीचा, पूर्वाचा, मुलगा इंद्रनील. निलू दिवस भरायच्या आधीच जन्मला होता. हातात जोर नव्हता, वजन वाढत नव्हतं. उष्टावणाच्या दिवशी मामा म्हणून मल्हारनं त्याच्या ओठांना सोन्याच्या अंगठीनं खीर लावली, तर तीही बाहेर आली. पूर्वाचा चेहरा तेव्हापासून वजनकाट्यासारखा झाला होता. तिच्याकडे पाहिलं की निलूचं वजन कळायचं. चिमणी आली, निलू वाटीभर भात खाऊ लागला, आणि पूर्वा पुन्हा हसू लागली.

पूर्वा वेंगुर्ल्याला राहायची, आणि तिच्याजवळ या दोघांची आई. सुजाताबाई राऊळ कीर्तनकार होत्या. वय झालं तरी नऊवारी नेसून, बुक्का लावून उभ्या राहिल्या की मागच्या रांगेतलं माणूस पुढे सरकून बसायचं. घरातही त्यांचं बोलणं पूर्वरंग-उत्तररंगासारखं चाले: आधी सिद्धान्त, मग त्यावर एखादी गोष्ट, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या हातात प्रसाद.

एका रविवारी मल्हार तिथे जेवायला गेला. निलू उंच खुर्चीत बसला होता. अर्धी वाटी संपली तेव्हा त्यानं मान फिरवली.

चमचा मागे गेला. ताटलीवर टेकला. निलू खिडकीतल्या कावळ्याकडे पाहू लागला. तेवढ्यात चमचा कडेनं, कावळा दिसायचा बंद होणार नाही असा, हळूच वर आला आणि ओठांना लागला. निलूचं तोंड उघडलं. डोळे कावळ्यावरच होते. घास आत गेला.

“बघ, कसा शहाण्यासारखा जेवतो!” पूर्वा म्हणाली.

मल्हारनं पुढचा घासही पाहिला. मग त्याच्यापुढचा. मूल नको म्हणत होतं, म्हणजे मान वळवत होतं, ओठ मिटत होतं, आणि चमचा दर वेळी माघार घेतल्यासारखं करून परत येत होता. त्यानं निलूच्या हातातून चिमणी काढून साधा चमचा दिला. निलूनं तो धरला, तोंड उघडलं आणि वाट पाहत बसला.

“हा असाच बसतो?”

“साधा चमचा कशाला देतोयस पण त्याला?” पूर्वा म्हणाली.

“नको म्हणतो कधी?”

“कशाला म्हणेल? चांगलं ते का उकरून काढतोयस, दादा?”

कारखान्यात परतल्यावर मल्हारनं एक रिकामी चिमणी घेतली, तिला जेवण चालू असल्याचं भासवलं, हात सैल सोडला आणि डोळे मिटले. चमचा ओठांशी आला. त्यानं मान फिरवली. चमचा मागे गेला. नाद सोडल्यासारखा थांबला. थोडा वेळ गेला, आणि दुसऱ्या गालाच्या बाजूनं, जरासा उंचावरून, तो पुन्हा आला.

हा हात मल्हारच्या ओळखीचा होता. एक घास चिऊचा, एक घास काऊचा म्हणत, दारातली गाय दाखवत ज्या हातानं त्याला लहानपणी जेवू घातलं, तोच हा. फक्त गाणं तेवढं नव्हतं.

चमच्याच्या चाचणीत आपल्या आईचा हात कसा आला, हा प्रश्न फार वेळ टिकला नाही. सावंतवाडीजवळ चाचणीतलंच एक घर होतं. तिथल्या आजी, मुक्ताबाई परब, त्याला पाणी देत म्हणाल्या, “भरवलं? छे हो! तुम्ही बजावलं होतंत ना. आमी नुसतो हात धरललो.”

“बाळाचा?”

“मग काय तुमचो? चमचो पडलो असतो त्याच्या हातातसून.”

त्यांनी करून दाखवलं. नातीची मूठ चमच्यावर, तिच्यावर आजीची मूठ. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्यातही तेच. खोटं कुणीच बोललं नव्हतं. आपल्याकडे घास आपल्या बोटांनी तोंडात घालणं म्हणजे भरवणं; हात धरणं ही गणतीत येणारी गोष्टच नाही. पण चमच्याला मोठा हात वेगळा ओळखायला सांगितलं नव्हतं. त्यानं दोन्ही मुठींचा जोर एकाच मुलाचा धरला. मुलाचं ‘नको’ त्यात दबून गेलं, आणि घरोघरच्या आयांचा, आज्यांचा आग्रह तेवढा उरला. आता तो आग्रह लाखो घरांत न दमता चालला होता. आजीचा हात कधीतरी दुखतो. दोऱ्यांचा दुखत नाही.

मालकीण अश्विनी प्रभुदेसाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“कुणाला इजा झाली?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही. पण पोट भरलेल्या मुलाला ठसका लागायला वेळ लागत नाही. आणि नवीन दोऱ्या जास्त ओढतात.”

“मल्हार, रिकामी ताटली हीच आपली जाहिरात आहे. ताटलीत भात ठेवणारा चमचा मी विकू कुणाला?”

“मुलांना.”

“मुलं खरेदी करत नाहीत.” पण त्यांना नातवंडं होती. “पाळणाघरांची आवृत्ती थांबवते. विकलेल्या चमच्यांतला जोरही कमी करू. पण त्यांच्या जागी काय, ते तू आण. नुसती अडचण घेऊन येऊ नकोस.”

ही लढाई सोपी निघाली. अवघड होती ती वेंगुर्ल्याची.

“निलूचा चमचा नेऊ देणार नाही मी,” पूर्वा म्हणाली. तिनं तो खरोखरच पदराआड धरला होता. “तुझ्या त्या लाख मुलांचं काय करायचं ते कर. हा जेवतोय. पहिल्यांदा जेवतोय, दादा.”

“तो जेवत नाही, पूर्वा. चमचा जेवतोय. पोट भरलं हे सांगायचंच विसरत चाललाय तो.”

“उपाशी मुलाला काय करायचंय नको म्हणून? तू त्याला ‘नको’ शिकवून कुडाळला जाशील. काट्यापुढे मी उभी राहते.”

निलूच्या हातात जोर नाही हे खरं होतं, आणि आधार काढून घेतला तर तो खाऊ शकणार नाही हेही खरं होतं. आधार हवा आणि आग्रह नको. पण दोन्ही एकाच दोरीतून येत होते.

त्याच आठवड्यात गावच्या देवळात सुजाताबाईंचं कीर्तन होतं. त्यांच्यामागे उभा राहणारा नेहमीचा झीलकरी आजारी पडला. कीर्तनकाराचा सूर जिथे टेकतो तिथून ध्रुपद, म्हणजे पदाचं पालुपद, उचलून धरायचं, हे त्याचं काम. लहानपणी ते मल्हार करायचा. “ये मेल्या, इतके चमचे केलेस, आज झांज धर,” म्हणून आईनं त्याला उभा केला.

पहिल्याच पदाला त्यानं घोळ घातला. आईनं ओळ संपवली न संपवली तोच त्यानं ध्रुपद उचललं. दुसऱ्यांदा तेच. सुजाताबाई थांबल्या, वळल्या आणि श्रोत्यांना म्हणाल्या, “आमचे झीलकरी घाईत आहेत. मला मागे टाकून हेच आधी वैकुंठाला पोचणार!” देऊळ हसलं. पेटीवाल्यानं हसताना एक सूर चुकवला.

आरतीनंतर प्रसादाचे पेढे वाटता वाटता त्या त्याला म्हणाल्या, “काय झालं रे तुला? विसरलास? मी दम घ्यायला थांबते तेव्हा उचलायचं. मी पद संपवते तेव्हा आपणही संपवायचं. या दोन थांबण्यांतला फरक कळत नसेल, तर झांज खाली ठेवावी माणसानं.”

“तो कळतो कसा पण?”

“माझ्याकडे बघून. दम घेताना पद माझ्या हातात असतं. चिपळ्या उचललेल्याच असतात. संपवलं की हात खाली.”

मल्हार पेढा हातात घेऊन तसाच उभा राहिला.

मूलसुद्धा दोनदा थांबतं. एकदा दमून आणि एकदा भरून. दमलेलं मूल चमचा सोडत नाही. बोटांत ताण असतो. भरलेल्या मुलाची बोटं आधी सैलावतात, मग मान फिरते. हा फरक मुठीला टिपता येण्याजोगा होता. तो दिसला नव्हता, कारण वरून मोठी मूठ दाबून बसली होती. चमच्याला पुन्हा शिकवायला हवं होतं, आणि या वेळी एकही मोठा हात मध्ये येता कामा नये.

सूचना देऊन ते होणार नाही, हे मुक्ताबाईंनी सिद्ध केलं होतं. हात लावू नका म्हटलं तर माणसं हात लावत नाहीत, नुसता धरतात. मल्हारनं कुडाळच्या बाजारातल्या सगळ्या झांजा विकत घेतल्या. अट नवी होती: मूल जेवायला बसलं की समोरच्या प्रत्येक मोठ्या माणसानं दोन्ही हातांत झांज धरायची आणि जेवण संपेपर्यंत हळू ताल द्यायचा. या वेळी मुठीत ऐकण्याची सोयही केली होती, त्यामुळे ताल तिलाही कळणार होता. तो तुटला की एखादा हात मोकळा झाला, आणि ते जेवण बाद.

“जेवणात भजन,” प्रभुदेसाई बाई म्हणाल्या. “माझ्या कारखान्याचं देऊळ केलंस.” पण झांजांचे पैसे त्यांनी दिले.

पहिलं घर पूर्वाचं. ती तयार झाली ते आईमुळे. सुजाताबाई तिला म्हणाल्या, “देवाला नैवेद्य दाखवला की आपण पडदा ओढतो. का? तर त्याला निवांत जेवू दे. आणि लेकरू जेवताना घरदार त्याच्या तोंडात बघत बसतं. देवावर ठेवतो तेवढा विश्वास लेकरावरही ठेवावा गं.” डॉक्टरांना विचारलं. मधल्या वेळेला निलूला बोंडल्यातून नाचणीचं सत्त्व द्यायचं ठरलं, म्हणजे तो उपाशी राहणार नव्हता. मग पूर्वानं पदराआडचा चमचा काढून भावाला दिला.

नवी चिमणी आपण होऊन वळत नव्हती. मुलाच्या हातानं जेवढी सुरुवात केली, तेवढीच ती पुढे नेणार होती.

निलूनं ती धरली, तोंड उघडलं आणि वाट पाहिली. मूठ गप्प होती. त्यानं पुन्हा तोंड उघडलं. मग रडला. पूर्वाचे हात आपोआप पुढे गेले, झांज फरशीवर आपटली आणि ते जेवण बाद झालं. संध्याकाळचं तसंच गेलं. दुसऱ्या दिवशी निलूनं चमचा फेकला. तिसऱ्या दिवशी भातात मूठ घातली आणि ती चोखली. सुजाताबाई ताल देत राहिल्या. पूर्वा डोळे मिटून ताल देत होती, कारण उघड्या डोळ्यांनी तिला ते जमत नव्हतं.

काट्यानं त्या आठवड्यात वाढ दाखवली नाही. घटही दाखवली नाही. पूर्वा भावाशी बोलायची बंद झाली.

मग एका दुपारी मेतकूट-भात होता. निलूनं चिमणी भातात रोवली आणि बोटभर उचलली. मूठ किंचित घट्ट झाली. हात थरथरला, मूठ सरसावली. हात मध्येच थांबला, बोटं ताठ. मूठ नुसती धरून राहिली, जशी दमाच्या वेळी झील धरून राहते. मग हात पुन्हा निघाला. घासातला अर्धा भात गळ्यातल्या लाळेऱ्यावर पडला, उरलेला तोंडात गेला. निलूनं तो चघळला. मग चमच्याकडे पाहिलं, जणू तो आत्ताच घरात आला होता.

झांजा वाजत होत्या. असे काही घास गेले. मग त्याची बोटं सैलावली, आणि मल्हारनं योजलं होतं तसं, मुठीतल्या सगळ्या दोऱ्या सुटल्या. चमचा पाण्यात भिजलेल्या वातीसारखा लुळा पडला.

“अजून अर्धी वाटी आहे, दादा,” पूर्वा पुटपुटली. तिचा ताल चालू होता.

मल्हारनंही ताल मोडला नाही.

निलूनं ताटली दोन्ही हातांनी पुढे ढकलली आणि म्हणाला, “नत्तो.”

मामा, आई, बाबा यांतलं काहीही तो तोवर स्पष्ट बोलला नव्हता. सुजाताबाईंनी झांज जोरात वाजवली, कीर्तनात आख्यान संपल्यावर वाजवतात तशी. पूर्वानं मात्र आपली हळूच ताटाशेजारी ठेवली, आणि मुलाकडे असं पाहिलं की त्याचं वजन तिच्या चेहऱ्यावर दिसेनासं झालं.

ते जेवण चाचणीत धरलं गेलं.

पुढे शेकडो घरांत झांजा वाजल्या, आणि नवी चिमणी जुन्या चिमणीच्या जागी गेली. खप पडला. पाळणाघरांना ती नको होती. लुळ्या पडलेल्या चमच्यांपुढे तिथल्या बायका हतबल होत. तक्रारी येत राहिल्या. एका गृहस्थांनी लिहिलं, ‘चमचा सदोष आहे. मूल नको म्हणालं की थांबतो.’ प्रभुदेसाई बाईंनी तो कागद आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला. चमचा मात्र बदलून दिला नाही.

भिंतींवर वरणाचे डाग परतले. निलूचं वजन हळू वाढू लागलं, कधी वाढलं नाही, पुन्हा वाढलं. पूर्वा भावाशी बोलू लागली, पण काट्याविषयी नाही.

दिवाळीत मल्हार वेंगुर्ल्याला गेला तेव्हा निलू दूधभात खात होता. पोट भरलं, त्यानं चमचा ठेवला आणि हात झटकले. वाटीत एकच घास उरला होता.

सुजाताबाईंच्या हातात त्या दिवशी झांज नव्हती. त्यांनी मल्हारकडे पाहिलं, तो पणतीत तेल घालत होता. त्यांनी चिमणी उचलली, शेवटचा घास भरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “हा एकच, मामाचा.”

निलूनं मान फिरवली. चमचा मागे गेला, थांबला, आणि दुसऱ्या गालाच्या बाजूनं निघाला. पण मुठीवर निलूची बोटं नव्हती. आजीच्या हातात मूठ मधूनच वाकली, लुळी पडली, आणि घास त्यांच्या नव्या साडीवर सांडला.

“अगंबाई!” त्या म्हणाल्या.

पणतीवरून मान न उचलता मल्हार म्हणाला, “आई, पद संपलंय.”

सुजाताबाईंनी लुळ्या चमच्याकडे पाहिलं, मग नातवाकडे. तो हसत होता. त्यांनी साडीवरचा भात बोटांनी टिपला, वाटी पुसून घेतली, आणि लेकराचं ते उष्टं स्वतःच्या तोंडात घातलं.